उसंतीचे पाणी

‘उसंत’ हा शब्द अलीकडे ‘सुटी’च्या जागी वापरलेला दिसतो. तो तसा वापरू नये. सुटी माणसाला कामापासून दूर नेते. विश्रांतीला वेळ लागतो आणि थोडी ऐपतही लागते. विसाव्याला निदान ठिकाण तरी लागते. उसंतीला यांतले काहीच लागत नाही. काम समोर उभेच असते, ते संपलेले नसते, संपेल अशी आशाही नसते; तरी त्याने मध्येच क्षणभर मनगट सोडावे आणि एक श्वास माणसाला स्वतःसाठी घेता यावा, एवढ्यालाच उसंत म्हणतात. ती मागून मिळत नाही. आपल्या बोलण्यातही ती बहुधा नकारातच येते: ‘उसंत नाही’, ‘उसंत मिळाली नाही’, ‘मेल्याशिवाय उसंत नाही’. यातल्या शेवटच्या वाक्याकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

तुम्ही आता ज्या झाडांखाली बसला आहात, त्यांना आमच्या कवठेपाट गावात उसंतीची राई म्हणतात.

नाशिकहून दिंडोरीच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांना द्राक्षमळे सुरू होतात. ऊन येथे उदंड आहे. द्राक्षाला ते मानवते, माणसाला सोसावे लागते. पाहुणे येतात ते वायनरी पाहायला. तिथली राखलेली हिरवळ पाहतात. वेलींच्या ओळींच्या तोंडाशी लावलेले गुलाब पाहतात आणि ते शोभेसाठी नाहीत, वेलीला येणारा रोग आधी गुलाबावर उमटतो म्हणून आहेत, हे ऐकून थोडे हिरमुसतात. मग रोपवाटिका होते, धरणाच्या भिंतीखालची बाग होते, आणि तरीही दुपार उरते. ती उरलेली दुपार घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि विचारतात, “काका, इथे बघण्यासारखं काय आहे?”

खरे उत्तर ‘काही नाही’ असे आहे. येथे कारंजे नाही, बाक नाही, फुलांचे ताटवे नाहीत. खडकाळ माळावर उभी राहिलेली करंज, उंबर, जांभूळ आणि आंब्याची जुनी झाडे आहेत. त्यांच्यामधून वाकत गेलेला एक पाट आहे. पाटाच्या वाकणावर शेंदूर फासलेला एक बसकट दगड आहे. मात्र वैशाखात बाहेरच्या मळ्यांची माती तडकते, तेव्हाही या कातळावर पायाखाली ओल असते. आणखी एक गोष्ट लक्ष दिले तर जाणवते. दगडाला शेंदूर आहे, नारळ फुटतो, हळदकुंकू वाहिले जाते. पण घंटा नाही. कधीच नव्हती.

ती का नाही, हे गेल्या माघात पुण्याहून आलेल्या एका बाईंना फार लवकर कळले. त्यांचे यजमान दोन-तीन ठिकाणच्या वाइनची चव घेऊन आले होते आणि करंजाखाली आडवे झाले होते. बाई त्यांना हाका मारू लागल्या. पलीकडे आमच्या गावच्या शेवंताबाई चिंचा फोडत बसल्या होत्या.

“ओ ताई,” त्या म्हणाल्या, “झोपलेल्या माणसाला इथं हाक मारत नाहीत.”

“अहो, पण आमची गाडी निघेल ना!”

“निघू द्या की. गाड्या रोज निघतात. माणसाला झोप कधी लागंल, त्याचा काय भरवसा?”

बाई हसल्या आणि बसल्या. गाडी निघाली नाही. गाडीचा चालक उंबराखाली झोपलेला होता, आणि त्यालाही कुणी उठवले नव्हते.

ही रीत कशी पडली, त्याची हकिकत अशी सांगतात.

फार पूर्वी, येथे द्राक्षाचा वेल कुणी पाहिलाही नव्हता तेव्हाची गोष्ट. नदीवर दगडांचा बंधारा होता आणि बंधाऱ्यातून निघालेला हा पाट गावच्या सगळ्या वावरांना पाणी देत असे. पाटाच्या काठाला प्रत्येक वावराचे एक दारे असे, म्हणजे चिखलदगडांनी बुजवलेले तोंड. पाटकरी खोऱ्याने ते फोडी, पाणी वावरात घेई, वावर भिजले की दारे लिंपी आणि पुढच्या वावराकडे जाई. माथ्याच्या वावरापासून शेपटाच्या वावरापर्यंत असा एक फेरा होई. पाटकऱ्याच्या घराला गावाने जाणूनबुजून जमीन दिलेली नव्हती. ज्याचे स्वतःचे वावर असेल त्याचा हात स्वतःच्या दाऱ्याशी रेंगाळेल, हे गावाला ठाऊक होते. जमिनीऐवजी प्रत्येक खळ्यावरून त्या घराला धान्य मिळे, आणि त्या घरातली दोन-तीन माणसे आळीपाळीने खोरे धरून फेरा पुरा करीत.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली तेव्हा ही घडी विसकटली. खोरे एका हातातून दुसऱ्या हातात जाई, तेवढ्या अवधीत माथ्याकडचे लोक आपली दारी फोडून घेत. पाणी शेपटाला पोचेचना. शेपटाचे शेवटचे वावर कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्याचे होते. घरात तो एकटा. त्याची केळीची बाग होती, आणि त्या बागेवरच त्याचे पोट होते. एका उन्हाळ्यात त्याने पुरते पाणी पाहिले नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात चिखल तेवढा पाहिला. तिसऱ्या उन्हाळ्यात बंधाऱ्यात एकाच फेऱ्यापुरते पाणी उरले. तेव्हा तो भैरोबाच्या पारावर उभा राहिला आणि त्याने साऱ्या गावाला बेलभंडारा उचलायला लावला. आण अशी होती की फेरा सुरू झाला की संपेपर्यंत खोरे एकाच हाती राहील. दुसऱ्या कुणी पाण्याला हात लावला, तर त्याचे वावर वर्षभर कोरडे राहील.

चोरी थांबवायला याहून चांगला उपाय नव्हता. मात्र त्या एका हाताच्या मागे एक माणूस असतो, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. कोंडाजीच्याही नाही.

आण झाली आणि सावळा पाटकरी हिवतापाने अंथरुणाला खिळला. त्याचा भाऊ आधीच्या वर्षी गाव सोडून गेला होता. हरबाजी पाटलांनी पारावर विचारले, “आता खोरं कोण धरणार?”

“मी धरीन,” सावळ्याची बायको म्हणाली. तिचे नाव गवराई.

“बाईमाणूस? दिवसरात्र पाटावर?” कुणीतरी कुरकुरले.

कोंडाजी म्हणाला, “खोऱ्याला काय ठावं धरणारा बाप्या का बाई? तिला वावर नाही ना? मग झालं. ज्याला वावर नाही त्याचंच डोकं ठिकाणावर असतं.”

“वावर नाही म्हणून डोकं ठिकाणावर,” गवराई म्हणाली, “अन् डोकं ठिकाणावर म्हणून खोरं गळ्यात. चांगला न्याय आहे, कोंडूबाबा.”

पार हसला. ते त्या उन्हाळ्यातले शेवटचे हसणे होते असे म्हणतात. पण सांगणारे अशी वाक्ये घालतातच.

फेरा सुरू झाला. तो किती दिवस चालला याबद्दल एकमत नाही. पहिल्या वावराची माती पुन्हा वाळून पांढरी पडेपर्यंत शेवटच्या वावराला पाणी पोचत नसे, एवढे मात्र सगळे सांगतात. तेवढा काळ गवराईने खोरे खाली ठेवले नाही. भाकर पाटाच्या काठावर उभ्यानेच खाल्ली. वावर भिजत असे तेवढ्यात ती खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकी. पापणी जड होई, आणि तेवढ्यात पाण्याचा आवाज बदले. भिजलेल्या वावरात शिरणारे पाणी निराळे वाजते. त्या आवाजाने ती दचकून सरळ होई, दारे लिंपी आणि पुढे चालू लागे.

तिच्या मागे कोंडाजी चालत होता. त्याला कुणी सांगितले नव्हते. दोन उन्हाळे फसलेला माणूस होता तो. माथ्याकडच्या लोकांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि खरे सांगायचे तर गवराईवरही नव्हता. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, अशा थाटात तो तिच्यामागून या दाऱ्याहून त्या दाऱ्याला जाई आणि थोड्या थोड्या वेळाने हाक देई:

“गवरे, जागी का?”

“जागीच आहे, बाबा.”

“डोळे उघडे का?”

“तुमचं तोंड दिसतंय म्हणजे उघडेच असणार. मिटल्यावर इतकं वंगाळ दिसत नाही.”

सुरुवातीला ती असे उत्तर देई. पुढे नुसते “जागी” म्हणू लागली. त्याहीपुढे नुसता हुंकार देऊ लागली. कोंडाजीची हाक मात्र तीच राहिली, कारण पाणी शेपटाकडे सरकत होते आणि त्याच्या केळींची पाने कडेने करपत होती. माथ्याकडची वावरे भिजली तसे त्यांचे मालक घरी जाऊन निजले. पाटावर राहिली ती दोघेच. एक पाण्यासाठी जागी होती आणि दुसरा तिच्यासाठी. म्हणजे तिच्या डोळ्यांसाठी.

माणूस कुणाच्या मागे फार काळ चालला की त्याला त्या माणसाची पाठ कळू लागते, असे आमचे वडीलधारे म्हणत. तिची पावले कोठे अडखळतात, खोरे उचलताना खांदा कसा तिरपा होतो, चिखल लिंपताना ती आधी एक गुडघा टेकू लागली आणि नंतर दोन्ही, हे सारे कोंडाजीने पाहिले. तो पाहायला आला होता चोरी. दिसले ते हे.

शेवटी एकच वावर उरले, ते त्याचे. पण त्याच्या आधी हा माळ लागतो. आज येथे झाडे आहेत. तेव्हा गवताची काडी नव्हती, सगळा उघडा कातळ. पाट या कातळाच्या कडेने वाकून जातो आणि वाकणावर त्याचा काठ तेव्हा नुसत्या मातीचा होता. पाणी येथे रेटा देई. काठ सारखा लिंपत राहावा लागे, नाहीतर तो फुटे आणि पाणी उताराने कातळावर सांडे. वेळ दुपार टळल्याची, महिना वैशाख. गवराई वाकणावर बसली, दोन्ही हातांनी चिखल थापू लागली. कोंडाजी चार हातांवर उभा होता.

“गवरे, जागी का?”

तिने हुंकार दिला. चिखलाचा एक हात काठावर ठेवला. दुसरा खोऱ्याच्या दांड्यावर होता. आणि तिथेच, काठाला कूस टेकून, तिला झोप लागली.

कोंडाजीने पाहिले. काठावरून आधी एक ओघळ आला. मग ओघळाने माती कापली. मग काठ हळूच बसला आणि पाणी कातळाकडे वळले.

त्याच्या वावराचे दारे तेथून दिसत होते. केळीही दिसत होत्या. खोरे हाताच्या अंतरावर होते, पण खोऱ्याला हात लावायचा नाही ही आण त्यानेच साऱ्या गावाला घातली होती. काठावर पाय दिला असता तरी तो पाण्याला हात लावण्यासारखाच होता. एक गोष्ट मात्र आणेबाहेरची होती, ती म्हणजे हाक. साऱ्या फेऱ्यात त्याने जी हाक दिली तीच आणखी एकदा द्यायची. ती दचकून उठली असती, काठ लिंपला असता, आणि म्हाताऱ्याची बाग जगली असती.

त्याने तोंड उघडले, असे म्हणतात. हाक मात्र दिली नाही.

मग त्याला दिसले की ऊन सरळ तिच्या तोंडावर आहे. तिच्या पश्चिमेला एक बसकट दगड होता. कोंडाजी त्या दगडावर जाऊन बसला. दगड तापलेला होता. त्याने घोंगडी खाली घेतली नाही, डोक्यावरून दोन्ही हातांनी ताणून धरली, म्हणजे सावली मोठी पडावी. त्या सावलीत गवराई निजली आणि म्हातारा आपले पाणी कातळावर जाताना पाहत बसला. कातळ ते पीत नव्हता. ते खाचांत साचत होते, भरून पुढच्या खाचेत उतरत होते, उन्हात चमकत होते.

ती चमकच गावाने लांबून पाहिली. लोक धावत आले. पुढे हरबाजी पाटील, आणि मागे ज्यांची वावरे केव्हाच भिजली होती ते सगळे. त्यांचाच आवाज मोठा होता.

“अरे फुटला! काठ फुटला! कोंड्या, तुझं पाणी चाललं रे!”

कोंडाजीने घोंगडी सोडली नाही. म्हणाला, “हळू बोला.”

“हळू काय? डोळे फुटले का तुझे?”

“दिसतंय मला.”

“मग उठव की तिला!”

“नाही.”

पाटील थबकले. आवाज थोडा उतरवून म्हणाले, “कोंडाजी, बेलभंडारा उचललाय आपण. तूच उचलायला लावलास.”

“पाण्याला हात लावायचा नाही, ही आण होती. मी लावला नाही. तुम्हीही लावू नका.”

“आणि ही झोपली, त्याचं काय?”

“माणूस झोपतो, पाटील.”

मागून कुणी म्हणाले, “काम घेतलं तर जागायला नको? आम्ही नाही जागलो?”

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा चिडला. तरी आवाज चढू दिला नाही. “तुझं वावर भिजेस्तोवर तू जागलास, अन् मग जाऊन घोरलास. तू चालला होतास का तिच्यामागं? मी चाललोय. मी तिला झोपू दिलं नाही. साऱ्या फेऱ्यात कावळ्यासारखा ओरडत आलो. आता माझी केळी जळतात तर जळू दे. केळी पुन्हा लावता येते.”

काठ लिंपायचा तर खोरे निजलेल्या बाईच्या मुठीत होते. तिला उठवायचे तर ज्याचे नुकसान होत होते तोच उठवू देत नव्हता. करण्यासारखे काहीच उरले नाही, म्हणून पाटील खाली बसले. त्यांना पाहून इतर बसले. तापलेल्या माळावर सारे गाव गप्प बसले आणि पाण्याकडे पाहत राहिले. असे सांगतात, की त्या दुष्काळात पहिल्यांदाच गावाने हातात काही न धरता इतका वेळ काढला. कुणी डोके गुडघ्यांत घातले. पाण्यासाठी जे एकमेकांच्या अंगावर गेले होते ते शेजारी शेजारी बसले होते. भांडायलाही बळ हवे असते, आणि ते कुणातच उरले नसल्याचे तेव्हा कुठे ध्यानात आले. काहीजण बसल्या जागी पेंगले.

उन्हे उतरली. बंधारा रिकामा झाला, पाटातले पाणी आटत आले. पाण्याचा आवाज थांबला, आणि आवाज थांबल्यानेच गवराई जागी झाली. साऱ्या फेऱ्यात ती त्याच आवाजावर कान लावून होती.

तिने काठ पाहिला. कातळ पाहिला. कोंडाजीच्या दाऱ्याची कोरडी माती पाहिली. लोक भोवती बसलेले पाहिले. सगळे तिला एकदम कळले. ती उठून खोरे पाटलांच्या पायाशी ठेवायला गेली. खोरे ठेवणे म्हणजे पाटकरीपण सोडणे, म्हणजे प्रत्येक खळ्यावरचे धान्य सोडणे. घरी नवरा तापात होता.

वाटेत ती दगडापाशी थांबली.

“कोंडूबाबा, हाक का नाही मारली?”

“घसा बसला होता,” म्हातारा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे हात घोंगडी धरून धरून ताठले होते आणि ते त्याला खाली घेता येत नव्हते. तिने खोरे काखेत धरले आणि दोन्ही हातांनी त्याचे हात हळूहळू खाली आणले.

“आता बारी कुणाची?” तिने सवयीने विचारले.

“कुणाची नाही. उसंत आहे.”

पाटलांनी खोरे घेतले नाही. त्याच माळावर, उठण्याआधी, गावाने दुसरी आण घेतली. बेलभंडारा नव्हता म्हणून पाटातला चिखल हातात घेऊन घेतली. खोरे यापुढे एका हाती राहणार नाही. फेरा शेपटाकडून सुरू होईल. आणि प्रत्येक फेऱ्यात मध्यावर पाणी या कातळावर सोडले जाईल. ते वाहते आहे तोवर गावात कुणी खोरे उचलणार नाही, कुणी कुणाला हाक मारणार नाही. त्या पाण्याला उसंतीचे पाणी म्हणावे. त्यासाठी लागणारा वाटा कुणा एकाच्या वावरातून जाणार नाही, साऱ्यांच्या वावरांतून थोडा थोडा जाईल.

कोंडाजीची केळी त्या वर्षी गेली. काही कथेकरी ती वाचवतात. पण ती गेली, असेच माझ्या आधीच्या सांगणाऱ्यांनी सांगितले आहे, आणि म्हातारा वर्षभर ज्याच्या त्याच्या घरी भाकर खाऊन राहिला. त्याला ती कुणी भीक म्हणून घातली नाही, एवढाच त्यात दिलासा.

कातळावर सोडलेल्या पाण्याने बरोबर गाळ आणला. गाळ खाचांत बसला. पाखरांनी उंबराचे बी टाकले, वाऱ्याने आणि माणसांनी बाकीचे. यात चमत्कार आहे असे म्हणणारे म्हणतात. मी एवढेच म्हणेन की ज्या जागेवर पाणी वाया गेले असे सारे गाव मानत होते, तेथेच आता सावली आहे.

आजही पाटाला पाणी सुटले की मध्यावर ते राईत वळवतात. मळ्यांत आता नळ्यांतून थेंब थेंब पाणी जाते, पाटाची तशी कुणाला गरज उरलेली नाही. तरी त्या वेळेपुरते लोक पंपाच्या मोटारी बंद करतात. सगळेच करतात असे नाही. ज्यांनी जमिनी नव्याने घेतल्या त्यांना ही रीत ठाऊक नाही, आणि ठाऊक असणारेही निर्यातीच्या घाईत असले की विसरतात. आजही छाटणीच्या आणि मणी विरळण्याच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया दुपारी येथे येऊन निजतात. हातांना द्राक्षाचा चीक आणि औषधाचा वास असतो. त्यांचा मुकादम राईच्या कडेला येऊन थांबतो, घड्याळ पाहतो, चुळबुळतो. पण आत येऊन हाक मारीत नाही. आजही कुणी अनोळखी माणूस येथे निजलेला दिसला तर गावातले कुणीतरी थोड्या अंतरावर काही काम घेऊन बसते. शेवंताबाई चिंचा फोडत बसल्या होत्या त्या काही केवळ चिंचांसाठी नव्हे.

आता त्या दगडाविषयी. राईच्या तोंडाशी अलीकडे एक पाटी लागली आहे. येणारे तीच वाचतात आणि तीच कथा पुढे सांगतात. पाटीवर लिहिले आहे की गवराईने फुटलेल्या काठाला आपला देह लावला, गावासाठी प्राण दिला, आणि शेंदूर लावलेला दगड ही तिची समाधी होय. कथा ऐकायला बरी वाटते. मेलेल्या बाईपुढे नारळ फोडणे, जिवंत बाईला घटकाभर झोपू देण्यापेक्षा सोपे असते. पण ते खोटे आहे. गवराई येथे मेली नाही. तिला येथे झोप लागली आणि ती उठली. पुढे कितीतरी फेरे तिने आणि सावळ्याने मिळून पाणी फिरवले, आणि म्हातारी होऊन ती आपल्या घरात वारली. मेल्याशिवाय उसंत नाही असे आपण म्हणतो, म्हणून बहुधा लोकांनी तिला मारून टाकले. ही राई एवढ्याचसाठी उभी आहे की गवराईला उसंत मरणाआधी मिळाली होती. आणि तो दगड समाधी नव्हे. त्या दगडावर कोंडाजी बसला होता. या माळावर पहिली सावली पडली ती कोणत्याही झाडाची नव्हती. जागत बसलेल्या एका म्हाताऱ्याची होती.